सोसायटीतले लोक पत्र वाचत नाहीत, कारण त्यात त्यांचा प्रश्नच नसतो

ऐरोलीच्या एका सोसायटीच्या सचिवांनी विचारलं आहे. ८४ फ्लॅटची इमारत, गच्चीवर सोलर बसवायचा विचार. त्यांनी दोन पानी आवाहन लिहिलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, नोटीस बोर्डावर लावलं. ग्रुपवर अंगठे भरपूर आले. सभेला मोजकीच माणसं आली आणि त्यातली निम्मी विरोध करायला. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी तर गळतीच्या मुद्द्यावर सभाच गुंडाळायला लावली. आता पुन्हा सभा आहे. ‘लेखन आकर्षक आणि पटेल असं करण्याची काही तंत्रं सांगा’, असं त्यांचं म्हणणं, आणि आवाहनाचा पहिला परिच्छेदही त्यांनी दिला आहे.

मी ठाण्यात राहते. संस्थांची देणगीपत्रं, माहितीपत्रकं, आवाहनं लिहून देणं हाच माझा व्यवसाय आहे. सोसायटीची पत्रंही बरीच लिहिली, कारण ओळखीतल्या प्रत्येक सचिवाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच.

आधी तुमचा परिच्छेद पाहू.

‘आजच्या धकाधकीच्या युगात पर्यावरणाचा ऱ्हास हा अत्यंत गंभीर प्रश्न बनला असून वाढत्या ऊर्जेच्या मागणीमुळे हरित ऊर्जेचा अवलंब करणे ही काळाची गरज आहे. या पार्श्वभूमीवर संस्थेच्या गच्चीवर सौरऊर्जा प्रकल्प राबवण्याचे योजण्यात आले असून सर्व सभासदांनी मोलाचे सहकार्य करावे ही नम्र विनंती.’

व्याकरण चोख आहे. शुद्धलेखनही. पण यातल्या एकाही शब्दाला तुमच्या इमारतीतलं कोणी हरकत घेणार नाही, आणि दोष नेमका तिथेच आहे. ज्यावर कोणाचंच दुमत नाही ते वाचायला माणूस थांबत नाही. अंगठे आले ते पर्यावरणाला. गच्चीला भोकं पाडायला कोणी संमती दिलेली नव्हती.

म्हणजे तुमची अडचण भाषा रुक्ष असण्याची नाही. हे पत्र तुमच्या डोक्यातला विषय सांगतं, वाचणाऱ्याच्या डोक्यातला सांगत नाही. त्याच्या डोक्यात एक ‘पण’ असतो. ‘सोलर चांगलंच आहे हो, पण...’ या ‘पण’च्या पुढे काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसेल, तर कितीही लालित्य ओता, पत्र वाया जाणार.

म्हणून लिहायला बसण्याआधी आठवडाभर नुसतं ऐका. लिफ्टमध्ये, गेटवर, दूध आणायला जाताना. आणि लोक बोलतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. तुमच्या शब्दांत नको. तुमच्यासारख्या इमारतीत साधारण काय ऐकू येईल ते मी आत्ताच सांगू शकते. वरच्या मजल्यावाले म्हणणार, ‘गळायला लागलं तर आमच्याच बेडरूममध्ये गळणार, तुमचं काय जातंय.’ तळमजल्यावरचे म्हणणार, ‘आम्ही लिफ्ट वापरतच नाही, आम्ही का पैसे घालायचे?’ ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलाय ते काहीच बोलणार नाहीत, कारण ते ग्रुपवर असूनही नसल्यासारखे. सिडकोच्या काळातली जुनी इमारत असेल तर कोणीतरी म्हणणार, ‘चार-पाच वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, मग हे पत्रे कुठे नेणार?’ आणि एक ‘पण’ तुमच्या तोंडावर कोणीच बोलणार नाही: ‘कॉन्ट्रॅक्टर कोण आहे? सेक्रेटरीच्या ओळखीतला नाही ना?’

हा शेवटचा प्रश्न मनाला लावून घेऊ नका. तो सगळ्याच सोसायट्यांत असतो, आणि पत्र लिहिताना तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

आता, किती लिहायचं हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. लोकांना पटलंय पण कंटाळा आहे, असं असेल तर चार ओळी पुरतात. वार, वेळ, जागा, सही कुठे करायची. लोकांच्या खऱ्या शंका असतील तर दोन पानंही चालतात. शंका आपली असेल तर माणूस दोन पानं वाचतो. पण कमिटीवर विश्वासच उरलेला नसेल, मागच्या रंगकामाचा हिशेब अजून दिलेला नसेल, तर कुठलंही तंत्र चालणार नाही. तिथे आधी तो हिशेब लावा. तुमच्या सांगण्यावरून तुम्ही मधल्या प्रकारात आहात असं वाटतं, म्हणून पुढचं सगळं ते धरूनच लिहिते.

पहिलं वाक्य. तिथे वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेली, त्याच्या खिशाशी किंवा दाराशी असलेली एक वस्तू ठेवा. तुमच्याकडे ती आहे: कॉमन मीटरचं वीजबिल. दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. समजा ते महिन्याला ३७,८०० रुपये येतं (खरा आकडा तुम्ही घाला, आणि तोही बिलावरून बघून). एवढा आकडा नुसता लिहिला तर तो सोसायटीचा आकडा राहतो, कोणाचाच होत नाही. त्याला ८४ ने भागा. घरामागे ४५० रुपये. आता तो प्रत्येकाच्या मेंटेनन्सच्या पावतीतला आकडा झाला. तळमजल्यावरच्या माणसालाही पहिल्यांदा कळतं की लिफ्ट न वापरता तो काय भरतोय, आणि तो वाचत राहतो. रागावूनही वाचेल, हरकत नाही.

आकड्यांबाबत एवढं एकच लक्षात ठेवा, की आकडा वाचणाऱ्याच्या मापात आणून द्यायचा. ‘२० किलोवॅट क्षमतेचा प्रकल्प’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीही येत नाही. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते, म्हणजे २० किलोवॅटला २,००० चौरस फूट. त्याऐवजी लिहा, ‘पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंतची जागा जाईल, वाळवणाची आणि दोऱ्यांची बाजू मोकळी राहील.’ (तसं असेल तरच.) वाळवणाचा विषय कोणीही सभेत काढलेला नसणार, पण मनात असतोच. एक किलोवॅट वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट देतो. २० किलोवॅटचे दिवसाला सुमारे ८० आणि महिन्याला २,४०० युनिट. तुमच्या बिलावर कॉमन मीटरचे युनिट छापलेले असतात. ते दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा आणि गप्प बसा. ‘प्रचंड बचत’ हे शब्द तुम्ही लिहिले की वाचणारा शंका घेतो. वजाबाकी त्याने स्वतः केली की तोच शेजाऱ्याला सांगायला जातो.

अनुदानाचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये ठेवले आहेत. ‘शासनाचे भरघोस अनुदान उपलब्ध’ हे वाचून लोक हसतात. ‘२० किलोवॅटला ३ लाख ६० हजार’ हे वाचून मोबाईलवर गुणाकार करून बघतात. मात्र पत्र छापायच्या आदल्या दिवशी योजनेच्या पोर्टलवर दर आणि अटी पुन्हा पाहा. एक आकडा जुना निघाला तर बाकीच्या नऊ बरोबर आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तुम्ही पावसाळ्याचं काहीच लिहिलेलं नाही. लिहा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन किती पडतं हे ऐरोलीच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि तुम्ही ते लपवलंत तर तो स्वतः आठवून देईल, तेही भर सभेत. ‘पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं, वर दिलेली सरासरी ते धरूनच आहे’, एवढं वाक्य तुम्हीच आधी टाका. आपल्या बाजूची कमकुवत गोष्ट आपणच सांगितली की बाकीचं खरं वाटायला लागतं. अ‍ॅरिस्टॉटलने पटवून देण्याची तीन साधनं सांगितली आहेत: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि मुद्द्यातला तर्क. सोसायटीच्या पत्रात मी यांतल्या पहिल्यावर सगळ्यात जास्त भर देते. कारण सोपं आहे. हीच माणसं तुम्हाला उद्या लिफ्टमध्ये भेटणार आहेत.

याच कारणासाठी भीती घालू नका. ‘आताच निर्णय न घेतल्यास भविष्यात मोठे नुकसान’ छापाची वाक्यं जाहिरातीत चालत असतील. शेजाऱ्याला घाबरवून घेतलेली सही पहिल्या अडचणीला उलटते.

आता वाक्यांकडे. आपल्या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘असून’, ‘करून’, ‘लक्षात घेता’ जोडत गेलात की वाचणारा श्वास रोखून शेवटच्या शब्दाची वाट बघतो, आणि फोनवर बघणारा माणूस वाट बघत नाही, वर सरकवतो. तुमच्या परिच्छेदात ‘बनला असून’ आणि ‘योजण्यात आले असून’ हे दोन सांधे आहेत. दोन्ही तोडा. जिथे ‘असून’ येईल तिथे पूर्णविराम देऊन बघा. दहांपैकी नऊ वेळा वाक्य आपोआप सुधारतं. सगळीच वाक्यं तुकड्या-तुकड्यांत नकोत, त्यानेही धाप लागते. एखादं लांब वाक्य असू दे, पण ते माहितीसाठी लांब असू दे, जोडकामासाठी नको.

आणि ‘योजण्यात आले’ म्हणजे कोणी योजलं? सरकारी पत्रांमुळे आपल्या हाताला ही सवय लागली आहे: करण्यात यावे, ठरवण्यात आले आहे, कळविण्यात येते की. ज्याच्या मनात कॉन्ट्रॅक्टरविषयी शंका आहे त्याला या वाक्यात कोणीतरी लपलेलं दिसतं. त्याऐवजी, ‘मी आणि खजिनदार, आम्ही तीन कंपन्यांची कोटेशनं मागवली. तिन्ही ऑफिसमध्ये फाइलमध्ये आहेत, संध्याकाळी ७ ते ८ कोणीही येऊन पाहावीत. तिघांपैकी कोणीही आमच्या नात्यातलं किंवा ओळखीतलं नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहायला जीभ अडखळते, मला माहीत आहे. खरं असेल तर लिहाच. खरं नसेल तर आधी ते कोटेशन काढा.

मात्र सभेची अधिकृत नोटीस वेगळी ठेवा. तिला उपविधींची चौकट आहे; वार्षिक सर्वसाधारण सभा असेल तर चौदा दिवसांची मुदत, विषयपत्रिका, ठरावाचा मसुदा हे सगळं त्या ठरलेल्या भाषेतच जाऊ दे. तिथे ‘याद्वारे कळविण्यात येते’ शोभतं आणि लागतंही. पटवण्याचं काम सोबतच्या पत्राने करायचं. तुम्ही दोन्ही एकाच कागदावर केलंत, त्यामुळे नोटीसही धड झाली नाही आणि आवाहनही नाही.

रचनेबद्दल एक गोष्ट मी कीर्तनाकडे बघून शिकले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण येतं, तत्त्व येतं, आणि मग उत्तररंगात आख्यान. हा क्रम तिथे चालतो, कारण श्रोता येऊन मांडी घालून बसलेला असतो. तुमचा वाचक ऐरोली स्टेशनच्या पुलावर एका हाताने फोन धरून चाललाय. त्याच्यासाठी क्रम उलटा करा: आख्यान आधी, तत्त्व नंतर, आणि तत्त्व राहूनच गेलं तरी चालेल. तुमचं आख्यान शोधायला लांब जायला नको. तुमच्याच सेक्टरमधली एखादी सोसायटी, जिने सोलर बसवलंय, तिथल्या सचिवांना भेटा. बसवण्याआधीचं आणि नंतरचं, एकाच महिन्याचं बिल मागा, छापायची परवानगी घ्या. आणि त्यांना काय त्रास झाला तेही विचारा: नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागायला किती वेळ गेला, पॅनेल धुतं कोण, हायवेच्या बाजूची धूळ किती बसते. त्रासासकट सांगितलेली शेजारची गोष्ट जेवढी पटते, तेवढं कुठलंही माहितीपत्रक पटत नाही.

प्रश्नाने सुरुवात करावी का, असंही तुम्ही विचारलंय. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा १८९७चा केसरीतला मथळा आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो, त्यामुळे प्रश्नाचं मथळ्यात फार वजन असतं असा आपला समज आहे. पण प्लेगच्या त्या दिवसांत पुण्यात लोकांच्या ओठांवर तोच संताप होता. टिळकांनी तो मोठ्याने विचारला. ‘सूर्य आपल्याला किती ऊर्जा देतो, तुम्हाला ठाऊक आहे का?’ हे तुमच्या इमारतीत कोणीही विचारत नाहीये. ‘गच्ची गळली तर पैसे कोण भरणार?’ हे विचारतायत. हा मथळा द्या, बघा किती जण थांबतात.

त्यावरूनच काकांकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा खरा विषय तेच आहेत. विरोधकाचा मुद्दा पत्रात येऊ द्यायचा, आणि त्याने मांडला असता त्याहून नीट मांडायचा. ‘काही सभासदांच्या मनात गैरसमज आहेत’ असं लिहिलंत की संपलं. गैरसमज म्हणवून घेतलेला माणूस आयुष्यभर तुमच्या विरोधात मत देतो. असं लिहून बघा:

‘वरच्या मजल्यावरच्या सभासदांचा प्रश्न रास्त आहे. आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग जुनं आहे. स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले आणि पुढच्या पावसात पाणी झिरपलं तर त्रास चार घरांना होईल आणि फायदा ८४ घरांना. म्हणून आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल, असा क्रम ठेवत आहोत. स्टँड स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करता येतात. खाडीकडच्या वाऱ्यात ते टिकतील का आणि स्लॅब तेवढं वजन घेईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेऊ. पॅनेलमुळे गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च सोसायटी करेल, संबंधित घर नाही. हे वाक्य ठरावातच असेल.’

यात एकही चमकदार शब्द नाही. पण ‘त्रास चार घरांना, फायदा ८४ घरांना’ हे काकांना स्वतःला इतक्या नेमकेपणाने म्हणता आलं नसतं, आणि ते त्यांच्या बाजूचं आहे. शेवटची दोन वाक्यं तर सगळं पत्र उचलून धरतात. अर्थात कमिटी ती पाळायला तयार असेल तरच. लेखनाची अडचण वाटत होती ती इथे निर्णयाची निघते, हे मी वारंवार पाहिलंय. लिहिता येत नाही, कारण ठरलेलंच नसतं.

रिडेव्हलपमेंटवाल्यांनाही सरळ उत्तर द्या. पॅनेल साधारण २५ वर्षं चालतात, काढून दुसरीकडे बसवताही येतात, पण काढणं-बसवणं फुकट होत नाही. खर्च किती वर्षांत वसूल होतो हे तुमच्या कोटेशनवरून काढा. इमारत त्याआधी पडणार असेल, तर हा खर्च करू नये, असं पत्रातच लिहा. तुमचा प्रस्ताव कुठल्या परिस्थितीत चुकीचा ठरेल हे तुम्ही सांगितलंत, की बाकीच्या परिस्थितीत तो बरोबर आहे हे सांगायला फार जोर लावावा लागत नाही.

बाकीचं झटपट. उद्गारचिन्हं काढून टाका. सूर्याची आणि रोपट्याची चिन्हंही. ‘अत्यंत’, ‘मोलाचे’, ‘भरघोस’ ही विशेषणं खोडा आणि वाक्य लंगडं पडतंय का बघा, नाही पडत. ठळक अक्षरात एकच ओळ ठेवा.

ती ओळ म्हणजे तुमची मागणी. ‘मोलाचे सहकार्य’ म्हणजे माणसाने नेमकं काय करायचं? मागणी एकच ठेवा, लहान ठेवा. एकदम ‘ठरावाला मत द्या’ म्हणू नका. ‘रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवर या. पॅनेल कुठे बसतील ते खडूने आखून ठेवलंय. इंजिनिअर अर्धा तास थांबणार आहेत.’ गच्चीवर येऊन खडूची रेघ बघून गेलेला माणूस सभेलाही येतो, आणि त्याचा प्रश्न आता ‘बसवायचं की नाही’ यावरून ‘रेघ थोडी अलीकडे घ्या’ यावर आलेला असतो.

सगळं जोडून तुमचा पहिला परिच्छेद मी असा लिहीन:

‘आपण लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी दर घरामागे महिन्याला ४५० रुपये भरतो. गच्चीवर सोलर बसवलं तर यातले किती वाचतील, खर्च किती येईल आणि गच्ची गळली तर पैसे कोण भरणार, या तीन प्रश्नांची उत्तरं पुढे दिली आहेत. तिसऱ्यापासून सुरुवात करतो.’

शेवटच्या वाक्यावर कमिटीत कोणीतरी हरकत घेईल, ‘आधी फायदा सांगा’ म्हणेल. ऐकू नका. ज्या प्रश्नावर मागची सभा मोडली, तो लोकांच्या मनात अजून पहिलाच आहे.

भाषेचं विचारलंत: इमारतीत मल्याळी, गुजराती, तमिळ कुटुंबंही आहेत, तर पत्र इंग्रजीत लिहावं का? मराठी पत्र मराठीतच लिहा, आणि इंग्रजी किंवा हिंदी पत्र त्या-त्या भाषेत नीट बोलणाऱ्या सभासदाकडून स्वतंत्रपणे लिहून घ्या. आकडे, वार-वेळ आणि गळतीचं ते आश्वासन एवढं तिन्हींत शब्दशः एक असू दे. बाकी त्याला हवं तसं लिहू द्या. त्यात आणखी एक फायदा आहे. पत्राखाली तुमच्याशिवाय आणखी दोन नावं येतात.

आणि छापण्याआधी पत्राचा कच्चा मसुदा घेऊन काकांकडेच जा. ग्रुपवर पाठवू नका, घरी जा. त्यांना मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही हातात पेन घेऊन बसा. जिथे ते अडखळतील तिथलं वाक्य तोडायचं. जिथे ते थांबून ‘हे काही खरं नाही’ म्हणतील तिथे वाद घालायचा नाही, त्यांचं वाक्य समासात जसंच्या तसं लिहून घ्यायचं. त्यातलं एखादं तुमच्यापेक्षा चांगलं निघालं तर त्यांना विचारून त्यांच्या नावासकट पत्रात घाला. ते नाही म्हणाले तर नाव गाळा, वाक्य मात्र राहू द्या.